ग्रिम्सबीत धूळ नसते

साडेसहाला गजर. सिओने माझ्याआधी उठतो,
त्याच्या वजनाने आधी पलंग करकरतो, मग मजला, मग मी.
तो टोंगाचा, मी राहुरीचा.
दोघांत मिळून एक इस्त्री, एक छत्री,
आणि मिशनकडून आठवड्याला जे पौंड येतात
त्यात अंडी बसतात, कोथिंबीर बसत नाही.

टाय मला अजून नीट जमत नाही.
सिओने बांधून देतो, आणि वर एक थोपटतो,
जुंपून झाल्यावर बैलाला थोपटतात तसा.

नऊला रस्त्यावर. विटांची घरं
खांद्याला खांदा लावून उभी, आणि मासळीचा वास.
गोदीत बोटी आता फारशा नाहीत,
वास मात्र निवृत्त झालेला नाही.

दार वाजवायचं. तीन पावलं मागे सरायचं.
हसायचं, पण फार नाही.
सपाता फरफटत येतात, पडद्यापाशी थांबतात:
ते घरी नाहीत.
टीव्हीचा आवाज एकाएकी बारीक होतो:
तेही घरी नाहीत.
कुत्रा तेवढा प्रामाणिक.

वहीत चार रकाने आखून दिलेत.
घरी नाहीत. नको म्हणाले. पुन्हा या. ऐकून घेतलं.
पहिले दोन केव्हाच पुढच्या पानावर गेले.

नाही म्हणाले तर पायांची धूळ झटकायची, निघायचं,
हे संडे स्कूलमध्येच पाठ झालेलं.
पण इथे धूळच नाही. सगळं ओलं.
नकार बुटात शिरतो, मोज्यात मुरतो,
रात्री हीटरवर वाळत घालावा लागतो.

अशा वेळी मला तो पोरगा आठवतो,
ज्याला मी पाहिलेलं नाही.
ओहायोचा की कुठला. तट्टावरून उतरलेला, लालबुंद,
गावाबाहेरच्या आमच्या वस्तीत
खापरपणजीच्या दारात उभा, आणि म्हणे,
"बाई, मी तुमची देव आणला आहे."
ती म्हणाली, "आणलास ना? मग आधी पाणी पी."
आमच्या हातचं पाणी त्या गावात कुणी पीत नव्हतं.
तो दोन तांबे प्याला.

अकरा वर्षं तिने त्याचं एक अक्षर मानलं नाही.
अकरा वर्षं पाणी दिलं.
बाराव्या वर्षी तो पटकीने गेला,
आणि त्या नाताळात ती बाप्तिस्म्याला उभी राहिली.
का, ते तिने कुणालाच सांगितलं नाही.
आम्ही तेव्हापासून अंदाज करतोय.

सत्तेचाळीस नंबर. मिसेस ब्लँचर्ड.
दार साखळीएवढंच उघडलं.
मी पाठ केलेलं वाक्य सुरू केलं, तिने हात वर केला.
"देवाचं राहू दे. तुम्हाला बल्ब बदलता येतो का?"

सिओनेला स्टूल लागलं नाही.
स्वयंपाकघर उजळलं, आणि तिला तिथलं जळमट दिसलं,
आणि ती जळमटाबद्दल आमची माफी मागत राहिली.
न विचारता दुधात चार चमचे साखर.
भिंतीवर एक बोट, बोटीवर एक माणूस,
दोघंही चौऱ्याहत्तर सालचे, त्यापुढे नाहीत.
"तुझी आई कशी राहते रे तुझ्याशिवाय?"
इंग्रजीत एवढं उत्तर मला येत नव्हतं.
मी कप दोन्ही हातांनी धरला
आणि तळाची साखरसुद्धा प्यालो.

दिवसभर देवाशी मी परक्यासारखा बोलतो,
व्याकरण सांभाळून.
रात्री दिवा गेल्यावर कुठे "अरे" म्हणता येतं.
अरे, आज एका घरात गेलो होतो.
पुढे काही सुचलं नाही. तेवढंच सांगितलं.

पण त्याआधी सिओने पेन उघडून बसला होता.
"सत्तेचाळीस. कुठल्या रकान्यात?"
मी वही ओढून घेतली आणि समासात लिहिलं:
गुरुवार. जिन्याचाही गेलाय.
दोन पिनांचा, खटक्याचा,
आमच्या राहुरीत मिळतो तसाच.